'आपल्याजवळ' म्हणजे किती जवळ? अण्णाभाऊ साठे यांचा रंगमंच तपासताना

पेट झाली, मुलाखतीची तारीख आली की एक प्रश्न हमखास पडतो: विषय काय घेऊ? मराठी, समाजशास्त्र किंवा नाट्यशास्त्र घेणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींच्या आराखड्यांत एक शीर्षक मी इतक्यांदा पाहिलंय की ते पाठ झालंय. 'अण्णाभाऊ साठे यांच्या साहित्यातील सामाजिक जाणीव'. कधी 'जाणीव'च्या जागी 'वास्तव' असतं, कधी 'विद्रोह'. लेखक उत्तमच निवडलाय. पण उत्तर आधीच ठरलेलं आहे. अण्णाभाऊंच्या साहित्यात सामाजिक जाणीव आहे का, यावर तीनशे पानं लिहून शेवटी 'आहे' हे कुणाला सांगायचं? ज्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' येऊच शकत नाही, तो संशोधनाचा प्रश्न नाही. गृहीतकाच्या लेखात आपण हे पाहिलं होतं.

मी रसायनशास्त्राची. माझं काम मुक्ताईनगर-रावेर पट्ट्यातल्या केळीच्या मातीवर चाललंय, नाटकावर नाही. तरी हा लेख लिहितेय, कारण पुराव्याचा जो पेच मातीत पडतो तोच इथेही पडतो. मातीचा नमुना आपण १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवतो. वजन स्थिर होतं, आकडे नीट येतात, दोन नमुन्यांची तुलना करता येते. पण त्यातला ओलावा गेलेला असतो, म्हणून अहवालात आपण लिहितो की हे आकडे कोरड्या वजनावरचे आहेत. छापलेलं लोकनाट्य म्हणजे असा वाळवलेला नमुना. त्यावर काम करायला काहीच हरकत नाही. हरकत आहे ती 'कोरड्या वजनावर' ही नोंद न करण्याला.

अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवर भरपूर लिहिलं जातं. रंगमंचाला मात्र मी चाळलेल्या प्रबंधांत एखादं प्रकरण मिळतं, तेही 'शाहिरी व लोकनाट्ये' असं एकत्र बांधून. माझं म्हणणं उलटं आहे. हा माणूस आधी रंगमंचाचा होता, आणि कादंबऱ्यांत जे आलं त्यातलं बरंचसं रंगमंचावर येऊ शकलं नाही म्हणून तिथे आलं. हे म्हणणं चुकीचं ठरू शकतं, आणि म्हणूनच ते तपासण्यासारखं आहे.

चरित्र तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे भरभर जाऊ. तुकाराम भाऊराव साठे, जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, तालुका वाळवा, जिल्हा सांगली. मातंग घर. शाळा जेमतेम दीड दिवसाची. आईवडिलांबरोबर पायी मुंबई, तिथे हमाली, फेरी, गिरणी. पुन्हा गावी आल्यावर नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात काम. परत मुंबईला, माटुंग्याच्या लेबर कँपात, कम्युनिस्ट पक्षाच्या कामात. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक. १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या शेतकरी परिषदेत 'अकलेची गोष्ट'. मग 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'माझी मुंबई' अशी लोकनाट्यं, शिवाय पवाडे, छकडी, लावण्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत पुन्हा जोर. १९६० नंतर रंगमंच मागे पडला आणि कादंबरी पुढे आली. १८ जुलै १९६९ ला मृत्यू.

यात एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. हा माणूस तमाशात 'अभ्यासासाठी' गेलेला नाही. लोककला आधी पाहिली, मग तिचा प्रचारासाठी उपयोग केला, हा शहरी कलापथकांचा क्रम झाला. अण्णाभाऊंचा क्रम वेगळा. फड आधी, पक्ष नंतर. ढोलकीचा तोडा कुठे संपतो आणि सोंगाड्याने तोंड कुठे उघडायचं, हे त्यांना बैठकीत कुणी शिकवलं नव्हतं.

आता थोडं लांब जाऊ, कारण मोजायला पट्टी तिथून घ्यायची आहे.

१९२६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डब्ल्यू. ई. बी. ड्यु बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंताने क्रिग्वा प्लेयर्स नावाची नाटकमंडळी उभी केली. जागा कुठली, तर १३५ व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं तळघर. 'द क्रायसिस' या आपल्या मासिकात त्यांनी काळ्या लोकांच्या रंगभूमीसाठी चार अटी मांडल्या. नाटक आपल्याविषयी असावं, आपल्यातल्या लेखकांनी लिहिलेलं असावं, आपल्या लोकांसाठी असावं, आणि चौथी अट, ते आपल्याजवळ व्हावं, म्हणजे वस्तीतच. पहिल्या तीन अटी कुणालाही सुचतील. चौथीत ड्यु बॉइस यांची नजर दिसते. तिकीट काढून, ट्राम पकडून, चांगले कपडे घालून जिथे जावं लागतं तिथे आपला माणूस प्रेक्षक म्हणून निम्माच पोचतो, हे त्यांना कळलेलं होतं.

ड्यु बॉइस आपल्याला अगदीच परके नाहीत. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचं वाचून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये त्यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागवल्या होत्या, आणि जुलैअखेरीस ड्यु बॉइस यांचं उत्तरही आलं होतं. पण सावधान. यावरून 'अण्णाभाऊंवर हार्लेमचा प्रभाव' असं लिहायला बसू नका. प्रभाव आणि समांतरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन विहिरींत सारखाच क्षार सापडला म्हणजे एकीचं पाणी दुसरीत गेलं असं होत नाही, खडक सारखा असू शकतो. मी चार अटी घेतेय त्या फक्त पट्टी म्हणून.

पट्टी लावून पाहू. पहिली अट, आपल्याविषयी. लोकनाट्यांची नावं वाचली तरी पुरे: इलेक्शन, दौरा, पुढारी, घोटाळे. राजा-प्रधान गेले, शेटजी आणि लोकमंत्री आले. तिसरी, आपल्यासाठी. इथेही शंका नाही, समोर गिरणी कामगार, हमाल, शेतमजूर.

दुसरीपाशी जरा थांबावं लागतं. 'आपल्यातल्यांनी' यातले 'आपण' कोण? ड्यु बॉइस यांच्या 'आपण'ची व्याख्या वर्ण करत होता. नाशिक भागात भीमराव कर्डक यांनी १९३० च्या दशकात उभ्या केलेल्या आंबेडकरी जलशाचे 'आपण' म्हणजे अस्पृश्यतेविरुद्ध उठलेला समाज. लाल बावटा कलापथकाचे तिघे पाहा. वाटेगावचे मातंग अण्णाभाऊ, बार्शीचे मुसलमान अमर शेख, आणि गव्हाणकर. जात वेगळी, धर्म वेगळा. त्यांचे 'आपण' वस्तीने आणि पाळीच्या भोंग्याने ठरलेले होते. ही ताकद होती. तिची किंमतही होती, तिच्याकडे पुढे येते.

चौथी अट अण्णाभाऊंनी अशी पाळली की आज आपल्याला त्याचा पुरावा शोधणं जड जातं. लेबर कँप, चाळींची मधली मोकळी जागा, गिरणीचं गेट, परिषदेचा मांडव. तळघरसुद्धा नाही! हार्लेममध्ये निदान ग्रंथालयाचा पत्ता तरी आहे. चाळीच्या चौकातल्या प्रयोगाला ना तिकीट, ना तिकिटाची नोंद, ना दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात परीक्षण.

पण जागेचा पुरावा संहितेच्या आत शिल्लक असतो. कसा, ते गणावरून सांगते.

पारंपरिक तमाशाचा क्रम तुम्हाला पाठ असेल: गण, गौळण, बतावणी, वग. अण्णाभाऊंनी गणातून गणपती काढला आणि तिथे मायभूमीला, हुतात्म्यांना वंदन आणलं. प्रबंधांत हे 'पुरोगामी दृष्टिकोन' म्हणून नोंदवलं जातं आणि पान उलटलं जातं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. त्यांनी गण ठेवला. गणपती नको होता तर अख्खा गणच काढता आला असता. का नाही काढला?

कारण गणाचं काम आणि गणातला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाट्यगृहात तीन घंटा होतात, दिवे मंदावतात, माणसं आपोआप गप्प बसतात. चाळीच्या चौकात घंटा कुठली? कुणी पाणी भरतंय, कुणी पाळीवरून आलेलं जेवतंय, पोरं धावताहेत. तिथे ढोलकी, तुणतुणं, डफ आणि झीलकऱ्यांचा उंच सूर हीच घंटा. गण माणसं गोळा करतो, बसवतो, आणि 'आता ऐका' असं न म्हणता ऐकायला लावतो. अण्णाभाऊंनी मजकूर बदलला आणि काम शाबूत ठेवलं. सत्यशोधक जलशांनीही पूर्वी गणाचा अर्थ असाच आपल्या बाजूला वळवून घेतला होता, म्हणजे ही युक्ती एकट्या अण्णाभाऊंची नव्हे. पण ती टिकून राहिली याचं कारण विचारसरणीपेक्षा जागेत आहे. उघड्यावर खेळायचं असेल तर गण लागतोच.

वाळलेल्या नमुन्यातून ओलावा ओळखायचा तो असा. संहितेत प्रत्येक ठिकाणी विचारा, हे इथे कशासाठी ठेवलंय? एखादी ओळ पुन्हा येते ती लेखकाला दुसरं सुचलं नाही म्हणून, की मागे बसलेल्याला पहिल्यांदा ऐकूच गेली नसेल म्हणून? सोंगाड्या मध्येच प्रेक्षकांकडे वळून बोलतो, ते कथानकाला गरजेचं आहे, की तिथे समोरचे बोलतील म्हणून जागा सोडलीय?

हे न विचारता वाचलं तर ही लोकनाट्यं कागदावर पातळ लागतात. स्पष्टच लिहिते. शेटजी लोभी आहे तो शेवटपर्यंत लोभीच, कामगार शहाणा तो पहिल्या ओळीपासून शहाणा. भांडण कसं सुटणार हे आधीच कळतं. अण्णाभाऊंबद्दल आदर आहे म्हणून हे झाकायचं, असं संशोधकाने करू नये. पण पातळपणा दिसला की लगेच 'प्रचारकी' असा शिक्का मारून मोकळं होणंही तितकंच घाईचं. ड्यु बॉइस तर सगळी कलाच प्रचार असते म्हणत. त्यांच्याच मंडळीतली नाटककार युलाली स्पेन्स हिला ते मान्य नव्हतं, तिला लोकांना हसवायचं होतं. अण्णाभाऊंना हे भांडण करावंच लागलं नाही, कारण फडाने त्यांना सोंगाड्या दिला होता. प्रचार शेटजी-कामगारांच्या तोंडी, आणि त्या दोघांचीही फिरकी घेणारा एक जण कायम मंचावर.

आता किंमत.

गण ठेवला, पण गौळण काढली. नाच काढला, शृंगार काढला. याचंही सगळीकडे कौतुकच वाचायला मिळतं. तमाशा 'शुद्ध' केला, 'प्रतिष्ठा' दिली वगैरे. या कौतुकापाशी मी अडते.

गौळणीत काय असतं ते आठवा. बाया डोक्यावर दूध-दही-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्यात. वाटेत कृष्ण आणि पेंद्या त्यांना अडवतात आणि कर मागतात. मावशी पुढे होऊन भांडते. शृंगाराचा थर जरा बाजूला करा, खाली काय उरतं? कष्टाचा माल घेऊन बाजाराला निघालेल्या बाया, वाटेवर उभा राहिलेला वसुलीवाला, आणि 'कुठला कर, कुणी बसवला?' असं तोंडावर विचारणारी एक म्हातारी. शोषणाचं यापेक्षा तयार नेपथ्य कुठे मिळणार! ते शेकडो वर्षं लोकांच्या ओळखीचं होतं. गणाचं केलं तसं हिचंही करता आलं असतं, काम ठेवायचं आणि मजकूर बदलायचा. पण गौळण गेली आणि तिच्यासोबत मावशी गेली, बाजाराला निघालेल्या बाया गेल्या. उरलेल्या लोकनाट्यांत स्त्रीपात्रं थोडी, आणि गोष्ट त्यांच्या हातून क्वचितच वळते.

त्या काळी याला सबळ कारणं होती. तमाशातल्या नाचणाऱ्या बाया कुठल्या जातींतून येत आणि त्यांच्याकडे कुठल्या नजरेने पाहिलं जाई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या तमाशाचे पैसे चळवळीसाठी घ्यायला बाबासाहेबांनी नकार दिला होता, अशी हकिगत सांगितली जाते. आंबेडकरी जलशांनीही नाचणारी बाई मंचावर आणली नाही, स्त्रीपात्रं पुरुष करत. वस्तीच्या मधोमध, आयाबहिणींसमोर खेळायचं तर हे वगळणं भागच होतं असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. पण मग सरळ म्हणा की 'आपल्याजवळ' असण्याने हे वगळायला लावलं. त्याला शुद्धीकरण म्हणू नका.

जातीचंही असंच. लोकनाट्यांतले शत्रू म्हणजे मालक, सावकार, पुढारी, मंत्री. जात असली तर मागच्या दाराने येते. आणि मग १९५९ ची 'फकिरा' उघडा. मांगवाडा नावानिशी आहे, गावगाडा आहे, जोगणीचं भांडण आहे, गुन्हेगार ठरवलेल्या जमातीची हजेरी आहे. पुस्तक बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेलं. बायांचं म्हणाल तर 'वैजयंता' कादंबरीची नायिका थेट तमाशातली कलावंतीण, आणि 'चित्रा', 'चंदन', 'आवडी' यांच्या नावांतच बाई आहे. जो माणूस मंचावरून नाचणारी बाई काढून टाकतो, तोच तिच्यावर अख्खी कादंबरी लिहितो.

माझं गृहीतक इथून येतं. चाळीच्या चौकात मराठा, महार, मातंग, कोकणी, मुसलमान एकत्र बसलेले. तिथे जातीचं नाव घेतलं की बैठक फुटण्याची भीती. कादंबरीचा वाचक एकटा असतो, तो चिडला तर फार तर पुस्तक मिटेल. जवळ असल्याने जे बोलता आलं नाही ते अण्णाभाऊंनी लांबच्या, न दिसणाऱ्या वाचकाला सांगितलं. बरोबर असेल तर रंगमंच आणि कादंबरी ही दोन वेगळी प्रकरणं उरत नाहीत, एकाच हिशेबाच्या दोन बाजू होतात. आणि हे चुकीचं ठरवता येतं. लोकनाट्यांच्या आणि कादंबऱ्यांच्या तारखा शेजारी ठेवा. चौकातल्या प्रयोगांच्या भर काळातली एखादी संहिता जात नावानिशी घेताना सापडली, किंवा १९५० च्या आधीच्या कथांतही तीच गाळणी दिसली, तर मी म्हणते ते कोसळेल. पक्षाची भूमिका हेही एक कारण असू शकतं, जागा नव्हे. ते वेगळं कसं काढायचं, हा तुमच्या मार्गदर्शकांशी भांडायचा मुद्दा.

आता थोडं आपल्या गावाकडे. महाशिवरात्रीला मुक्ताई-चांगदेवाची यात्रा भरते, पुढे उन्हाळाभर खान्देशात गावोगावच्या जत्रा चालतात आणि तमाशाचे फड फिरतात. फडाच्या ट्रकवर, कनातीवर काय लिहिलेलं असतं ते आठवा. 'अमुक अमुक लोकनाट्य तमाशा मंडळ'. दोन्ही शब्द शेजारी शेजारी. हा पाट्या रंगवणाऱ्याचा शब्दांचा हौसेचा मारा नव्हे. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या सुमारास, मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. 'लोकनाट्य' हे नाव रूढ करण्याचं श्रेय सहसा अण्णाभाऊंना दिलं जातं, तमाशा म्हणून खेळता येईना तेव्हा लोकनाट्य म्हणून खेळले. बंदी उठली, संहिता तपासणारी मंडळं आली, आणि नाव मात्र पाटीवर चिकटून राहिलं. पुढे तेच नाव मध्यमवर्गीय नाट्यगृहात गेलं. वसंत सबनीस यांचं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ चं, आणि ते झकास आहे, वाद नाही. पण चार अटींची पट्टी लावा. खुर्च्या आल्या, तिकीट आलं, तीन घंटा आल्या. रूप तेच, जवळीक बदलली.

खान्देशाचा याहून थेट धागा अमळनेरचा आहे. १९४६ मध्ये अमळनेरच्या प्रताप मिलच्या कामगारांवर पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. अण्णाभाऊंनी त्यावर पवाडा रचला, 'अमळनेरचे अमर हुतात्मे'. पवाडा म्हटलं की आपल्याला गड, तलवार, छत्रपती आठवतात. इथे तेच डफ-तुणतुणं गिरणीच्या गेटवर पडलेल्या माणसांसाठी वाजतं. त्यांनी स्टालिनग्राडवर आणि बंगालच्या दुष्काळावरही रचना केल्या, त्या दूरच्या. अमळनेर मधलं आहे. मुंबईहून शेकडो किलोमीटर लांब, पण भोंगा तोच, साचा तोच, मुकादम तोच. 'आपल्याजवळ'चं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं की पाळीच्या तासांत, हा प्रश्न या एका पवाड्यावर जितका नीट तपासता येईल तितका दुसऱ्या कशावर येणार नाही.

२०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, विद्रोही संमेलनही तिथेच झालं. आपल्यातले बरेच जण पुस्तकांच्या पिशव्या घेऊन परतले. पवाडा आणि गिरणी यांवर मात्र आपल्या विद्यापीठाच्या परिसरातून एखादा मुलगा-मुलगी का उभी राहू नये? तेव्हा वीस वर्षांचा असलेला कामगार आज शंभरीच्या घरात असेल. म्हणजे पहिली पिढी जवळजवळ गेली, दुसरी आहे.

अशा वेळी काय करायचं, याचा एक धडा अमेरिकेतलाच आहे. १९६३ मध्ये मिसिसिपीत काही तरुणांनी फ्री सदर्न थिएटर उभं केलं, त्यांत जॉन ओ'नील होते. नागरी हक्कांच्या चळवळीचे दिवस. हे लोक खेड्यापाड्यांत, चर्चमध्ये नाटकं करत फिरले, आणि त्यांत सॅम्युएल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो'ही होतं! चार अटींपैकी पहिल्या दोन साफ मोडलेल्या, फक्त 'जवळ' शाबूत. त्या खेळाला शेतमजूर-कार्यकर्त्या फॅनी लू हेमर होत्या. ही दोन माणसं नुसती वाट बघत बसलीत, आपण तसे नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लोकांसमोर लावला. बेकेटने लिहिलेलं नाटक एक होतं, त्या चर्चमध्ये झालेलं दुसरं. संहिता वाचून हे कळलं नसतं, कुणीतरी प्रेक्षकाचं बोलणं लिहून ठेवलं म्हणून कळलं.

ओ'नील यांनी हे पुढे पद्धत म्हणून वापरलं. जूनबग जॅबो जोन्स नावाचा एक गोष्टीवेल्हाळ माणूस उभा करून ते एकट्याने प्रयोग करत, आणि प्रयोगानंतर चर्चेऐवजी लोकांना गोल बसवून प्रत्येकाकडून एक गोष्ट मागत. नाटक कसं वाटलं असं विचारायचं नाही. नाटक बघताना तुला तुझं काय आठवलं, ते सांग. 'कसं वाटलं' विचारलं की माणसं परीक्षकासारखी बोलतात, 'छान होतं' म्हणतात. 'काय आठवलं' विचारलं की माहिती देतात. प्रश्नावली तयार करणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवा. (जुनी मंडळी बंद झाल्यावर, १९८५ मध्ये, ओ'नील यांनी न्यू ऑर्लिन्सला तिची रीतसर अंत्ययात्रा काढली. संस्था कधी संपली हे जाहीर करणारी माणसं आपल्याकडे कमी. लाल बावटा कलापथक नक्की कोणत्या दिवशी संपलं, हे सांगायला बसलात तर तेच एक प्रकरण होईल.)

तर ज्यांना हा विषय घ्यायचाय त्यांनी सुरुवात कुठून करावी? राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ मध्ये काढलेलं 'निवडक वाङ्मय' हातात असू द्या, तो तुमचा वाळवलेला नमुना. लोकनाट्य एकदा मनात वाचा, एकदा मोठ्याने वाचा, आणि एकदा उघड्यावर, दहा-बारा जणांसमोर वाचा. तिन्ही वेळा कुठे अडखळलात ते समासात लिहा. तिसऱ्या वाचनातल्या खुणा पहिल्या वाचनात सापडणार नाहीत. मग बंदीच्या काळासाठी मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात गृहखात्याच्या फायली, आणि पक्षाच्या 'लोकयुद्ध' साप्ताहिकाचे अंक. गंमत अशी की प्रयोगाला किती माणसं होती आणि ती कुठे हसली, याची काळजी अशा काळात कलावंतांइतकीच पोलिसांनाही असते. विरोधकाने ठेवलेली नोंदही नोंदच असते, फक्त ती कुणी आणि कशासाठी ठेवली हे शेजारी लिहायचं.

१ ऑगस्टला आमच्याकडेही मिरवणूक निघते. ट्रकवर फोटो असतो, डीजे असतो, वग नसतो. तक्रार म्हणून नाही सांगत, तुम्हाला क्षेत्रकार्यासाठी आयता दिवस सांगतेय. त्या दिवशी माणसं एकत्र असतात, अण्णाभाऊंबद्दल बोलायला तयार असतात.

आणि अमळनेरला गेलात तर पवाड्याची छापील प्रत सोबत न्या. गिरणीत आजोबा होते अशी घरं शोधा, एखाद्या ओसरीवर बसा आणि मोठ्याने वाचायला लागा. कुठल्या ओळीला तुम्हाला थांबवतात, कुठलं नाव दुरुस्त करतात, कुठे एखादी आजी आतून बाहेर येऊन म्हणते, 'असं नव्हतं ते भाऊ', तिथे पेनाने खूण करा आणि वेळ लिहा. मधे बोलू नका.